माउस अडखळतो? काढा पाकीट!

गेममध्ये माउस फिरवला आणि बंदूक क्षणभर उशिरा वळली, अशी तक्रार करून पाहा. समोरून प्रश्न येतो, "कार्ड कोणतं?" तुम्ही सांगता, जीटीएक्स ७५० टीआय. "मग बरोबर आहे. नवीन घे." लागला निकाल. गेम कोणता, रिझोल्यूशन किती, व्ही-सिंक चालू आहे का, पडदा मॉनिटरचा आहे की दिवाणखान्यातल्या टीव्हीचा, यातलं काहीच विचारलं जात नाही. हा निकाल दुकानाच्या काउंटरवर मिळतो, हॉस्टेलच्या खोलीत मिळतो, आणि घरात 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' एखादा मावसभाऊ असेल तर जेवणाच्या पानावरही मिळतो.

या मताची मांडणी त्याच्या समर्थकांपेक्षा मीच नीट करून देतो, म्हणजे विपर्यास केला असं पुढे कुणी म्हणायला नको. ग्राफिक्स कार्डाला वय असतं. वय झालं की ते नव्या गेमपुढे दमतं. दमलं की चित्र हातामागे राहतं, त्यालाच लॅग म्हणायचं. सेटिंग्ज फिरवून यात फरक पडत नाही. पडल्यासारखा वाटला तर तो मनाचा खेळ. इलाज एकच, आणि तो खोक्यात बंद होऊन येतो. ज्याला परवडत नाही त्याने सोसावं, नाहीतर कॅरम बोर्ड आणावा.

कार्डाला वय असतं, हे मान्य. पुढचं एकही वाक्य तपासणीत टिकत नाही.

आधी हात आणि पडदा यांच्यामध्ये काय घडतं ते पाहू, कारण हा सल्ला देणाऱ्यांनी ते कधी पाहिलेलं नसतं. माउसची हालचाल यूएसबीतून प्रोसेसरकडे जाते. गेम ती वाचतो, खेळाडू आता कुठे बघतोय हे ठरवतो आणि पुढची फ्रेम कशी रंगवायची याच्या सूचना तयार करतो. त्या सूचना ग्राफिक्स कार्डाकडे जातात, पण थेट नाही. मधे रांग असते. डायरेक्टएक्समध्ये प्रोसेसरला कार्डाच्या तीन फ्रेम पुढे धावायची मुभा असते. गेम लिहिणाऱ्याने किंवा ड्रायव्हरने वेगळं सांगितलं नाही तर आकडा तीनच राहतो. कार्डाला उसंत असेल तोवर ही रांग रिकामी असते. कार्ड शंभर टक्के कामाला लागलं, की प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या सूचना करून ठेवत सुटतो आणि रांग तुंबते.

खानावळीत गर्दीच्या वेळी पुढच्या तीन थाळ्या आधीच वाढून ठेवलेल्या असतात. तुम्ही आता ओरडलात की आमटी कमी घाला, तरी ते लागू होणार चौथ्या थाळीपासून. माउसची तक्रार म्हणजे एवढंच आहे. तुमचा हात आत्ता वळलाय, पडदा मात्र अजून जुन्या ऑर्डरी संपवतोय.

आता हिशेब. सेकंदाला ६० फ्रेम निघत असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद लागतात. तीन फ्रेमची रांग म्हणजे ५० मिलिसेकंद. सेकंदाला ३० फ्रेम निघत असतील तर एका फ्रेमला ३३.३, आणि रांगेचे १००. "बघा, म्हणजे जुनं हळू कार्डच दोषी!" घाई नको. इथे प्रतिपक्षाला एक गोष्ट देऊन टाकतो: कार्ड हळू असेल तर तीच रांग जास्त महाग पडते. पण हा गुणाकार आहे, आणि गुणाकारात दोन आकडे असतात. एका फ्रेमला लागणारा वेळ हा एक, रांगेची लांबी हा दुसरा. पहिला आकडा कमी करायला पैसे पडतात. दुसरा कमी करायला ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये एक ओळ बदलावी लागते. रांग तशीच ठेवून दुप्पट वेगाचं कार्ड आणलंत तर रांगेतला उशीर १०० वरून ५० वर येईल. कार्ड तेच ठेवून रांग तीनवरून एकवर आणलीत तर तो ३३ वर येईल. फुकटातला इलाज दुप्पट वेगाच्या कार्डाला मागे टाकतो, आणि हे सांगणाऱ्याला म्हणे विषयातलं कळत नाही!

यावर पुढचा आक्षेप ठरलेला असतो. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा साठ दिसतोय, मग लॅग कुठून आला? तुझ्या डोक्यातून! फ्रेमचा आकडा म्हणजे सेकंदाला किती चित्रं बाहेर पडली याची मोजणी. त्यातलं प्रत्येक चित्र तुमच्या किती जुन्या हालचालीवर बेतलेलं आहे, हे तो आकडा सांगत नाही. सांगूच शकत नाही.

याचा सगळ्यात मजेशीर पुरावा पैसेवाल्यांनीच दिला. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय आणली, पुढच्या वर्षी एटीआयने क्रॉसफायर. एका मशीनमध्ये दोन कार्डं. बहुतेक गेममध्ये काम असं वाटलं जाई की एका कार्डाने सम फ्रेम रंगवायच्या, दुसऱ्याने विषम. फ्रेमचा आकडा दुपटीच्या जवळ जाई. पण प्रत्येक फ्रेमला वेळ लागे तेवढाच, जेवढा एका कार्डावर लागला असता. आणि दोघांनाही कामात ठेवायचं तर रांग आणखी लांब ठेवावी लागे. म्हणजे दोन कार्डांचे पैसे भरायचे, आकडा दुप्पट झालेला बघायचा, आणि माउस होता तिथेच, कधी आणखी जड. पैसे फेकून लॅग जात असता तर आधी या मंडळींचा गेला असता.

मुळात ही रांग ठेवली कुणी, आणि का? प्रोसेसर आणि कार्ड एकाच वेळी कामात राहावेत म्हणून. हेतू चांगला आहे. रांगेमुळे सरासरी फ्रेम वाढतात आणि मधले झटके झाकले जातात. पण कार्ड विकणाऱ्या कंपन्यांची परीक्षा वर्षानुवर्षं एकाच पेपरावर व्हायची: सरासरी फ्रेम किती. ज्याची पट्टी लांब तो जिंकला. त्या पट्टीत उशीर कुठेच दिसत नव्हता, मग तो कमी करायची निकड कुणाला असणार? २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन याने सरासरी बाजूला ठेवून एकेका फ्रेमचा वेळ मोजून छापायला सुरुवात केली, तेव्हा कुठे कंपन्यांना सरासरीखाली झाकलेले झटके दिसू लागले. हाच वॉसन पुढे कार्डं बनवणाऱ्या एएमडीत नोकरीला गेला. आपल्याकडचा काउंटर मात्र अजून सरासरी फ्रेमवरच अडकलेला आहे.

"अहो, पण माणसाचा प्रतिसादच दोनशे मिलिसेकंदांचा. त्यात पन्नासाचं काय घेऊन बसलात?" हा युक्तिवाद विज्ञानाचा आव आणून केला जातो म्हणून त्याची चीड जास्त येते. पहिली गोष्ट, दोनशे अधिक पन्नास म्हणजे अडीचशे होतात, दोनशे नव्हे. दुसरी, नेम धरणं म्हणजे बत्ती लागली की बटण दाबणं नव्हे. हात हलतो, डोळा चूक पाहतो, हात ती सुधारतो, डोळा पुन्हा पाहतो. हे चक्र अखंड चालू असतं. त्या चक्रात उशीर घुसला की हात नेमाच्या पुढे निघून जातो, मग मागे येतो, मग पुन्हा पुढे. खेळणारे म्हणतात 'माउस तरंगतोय', ते याला. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी टचस्क्रीनवर बोटाखाली एक चौकोन ओढून दाखवला होता. शंभर मिलिसेकंदांच्या उशिराला तो बोटामागे फरपटत होता. उशीर एका मिलिसेकंदावर आणला तेव्हा तो बोटाला चिकटला. बघणाऱ्या कुणालाही फरक दिसेल, त्यासाठी डोळे गेमरचे असावे लागत नाहीत. त्याच वर्षी डूम आणि क्वेकचा जन्मदाता जॉन कार्मॅक वैतागून म्हणाला होता की युरोपला डेटाचं पाकीट लवकर पोचतं, पडद्यावर एक ठिपका पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्याच्यासमोर तेव्हा काही दहा वर्षं जुनं कार्ड नव्हतं.

जुनं म्हणजे मंद, हे समीकरणही एकदा मोडून टाकू. डॅन लू या अभियंत्याने २०१७ मध्ये कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा वेळ वेगवेगळ्या संगणकांवर मोजला. त्याच्या यादीत सगळ्यात चपळ ठरला १९८३ चा ॲपल टू-ई: ३० मिलिसेकंद. कैक पटींनी ताकदवान अशी अनेक आधुनिक मशीनं शंभराच्या आसपास आणि पलीकडे रेंगाळत होती. आपल्याकडचं बघायचं तर पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत वीस वर्षांपूर्वी ज्यांनी काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलाय त्यांनी आठवून पाहावं. जीफोर्स ४ एमएक्स ४४० सारखी कार्डं, आजच्या मोबाइलपुढेही ती हास्यास्पद. पडदा म्हणजे काचेचा अवजड सीआरटी. आणि माउस? हाताबरोबर वळायचा. कारण गेम हलका, रांग रिकामी, फ्रेम शंभराला टेकलेल्या, आणि सीआरटीला चित्र दाखवण्याआधी त्यावर संस्कार करत बसायची सवय नव्हती. जुनेपणामुळे लॅग येत असता तर त्या कॅफेंत कुणी कुणाला मारूच शकलं नसतं.

"पण माझ्या मित्राने नवीन कार्ड घेतलं आणि लॅग गेला की!" गेला असेल. १४४ फ्रेम निघायला लागल्या की तीन फ्रेमची रांगसुद्धा २१ मिलिसेकंदांत उरकते, म्हणून ती जाणवत नाही. रोग तोच, फक्त झाकला गेला. नव्या कार्डाचा उत्साह मावळायच्या आत मित्र सगळ्या सेटिंग्ज 'अल्ट्रा'वर नेतो, रिझोल्यूशन वाढवतो, कार्ड पुन्हा ९९ टक्क्यांवर जातं आणि रांग पुन्हा तुंबते. त्यात व्ही-सिंक चालू असेल तर आणखी गंमत. व्ही-सिंक म्हणजे तयार फ्रेमला मॉनिटरच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबवणं. साठ हर्ट्झच्या पडद्यावर कार्ड जितकं ताकदवान तितक्या लवकर फ्रेम तयार होऊन दाराशी खोळंबणार. म्हणजे इथे महागडं कार्डच रांग भरतं! आणि दुबळ्या कार्डाला व्ही-सिंक वेगळ्या बाजूने मारतं: पन्नास फ्रेम काढण्याची कुवत असलेलं कार्ड १६.७ मिलिसेकंदांची गाडी चुकवतं आणि बऱ्याच गेममध्ये थेट तीसवर आदळतं. दोघांनाही लागणारी गोष्ट एकच, व्ही-सिंक बंद करणं. तिची किंमत शून्य.

आता त्या गेमकडे वळू, ज्यांत कार्डाचा काडीचाही संबंध नाही. 'डेड स्पेस' २००८ चा. गेममधलं व्ही-सिंक चालू ठेवलं की फ्रेम तीसवर बांधल्या जातात आणि माउस जड होतो. उतारा पंधराहून अधिक वर्षं सगळ्यांना माहीत आहे: गेममधलं बंद करा, हवंच असेल तर ड्रायव्हरमधून लावा. 'स्कायरिम' २०११ चा. त्यात माउसचं ॲक्सिलरेशन आधीपासून चालू, आणि ते बंद करायला मेनूत जागाच नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने शून्य लिहावं लागतं. ॲक्सिलरेशन (हात जितका झपकन, तितकी नजर जास्त वळणं) म्हणजे लॅग नव्हे, पण हाताला ते तितकंच परकं लागतं. अनरियल इंजिनच्या तिसऱ्या आवृत्तीवर बनलेले 'मास इफेक्ट', 'बॉर्डरलँड्स' असे कितीतरी गेम घ्या. इनपुटच्या फाइलमध्ये 'माउस स्मूदिंग' चालू ठेवलेलं असतं, म्हणजे तुमची हालचाल 'गुळगुळीत' व्हावी म्हणून शेजारच्या हालचालींत मिसळली जाते. इंजिनच्या फाइलमध्ये आणखी एक ओळ असते, 'वन फ्रेम थ्रेड लॅग'. तीही चालूच. चित्र रंगवणारा धागा एक फ्रेम मागे राहू द्यायचा, अशी ती अधिकृत परवानगी. तीस फ्रेमला त्याचे ३३ मिलिसेकंद. आता सांगा, घराचं कर्ज काढून आणलेलं कार्ड या दोन ओळी बदलणार आहे का? त्या नोटपॅडने बदलतात.

याला 'जुगाड' म्हणणारे मला विशेष आवडतात. २००४ च्या 'अनरियल टूर्नामेंट २००४' मध्ये सेटिंगच्या पानावर चक्क एक चौकट होती, माउसचा लॅग कमी करा अशी. ती चालू केली की गेम कार्डाचं काम उरकेपर्यंत थांबायचा. फ्रेम घटायच्या, पण माउस हाताशी यायचा. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये आगाऊ फ्रेमचा आकडा बदलायची सोय कितीतरी वर्षं होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ४३६.०२ या ड्रायव्हरबरोबर तिचंच बारसं 'लो लेटन्सी मोड' असं झालं. त्याच्या महिनाभर आधी एएमडीने 'अँटी-लॅग' आणलं. काम काय? कार्ड भरलेलं असताना प्रोसेसरला पुढे धावू न देणं. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाचं 'रिफ्लेक्स' आलं, गेमच्या आतूनच रांग रिकामी ठेवणारं. कंपनीने केलं की संशोधन, तुम्ही आम्ही केलं की जुगाड! आणि या रिफ्लेक्सची पात्रता काय होती? जीटीएक्स ९०० मालिका आणि त्यापुढची कार्डं. म्हणजे २०१४ ची. ज्या वयाची कार्डं तुम्ही भंगारात काढताय, त्यांचा उशीर कमी करायची सोय त्यांच्या निर्मात्यानेच सहा वर्षांनी करून दिली.

"आता सपोर्टच गेला ना," हा शेवटचा हुकमी पत्ता. खरं आहे. ७५० टीआय ज्या मॅक्सवेल पिढीतलं, त्या पिढीला आणि तिच्यानंतरच्या पास्कललाही ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळत नाहीत. त्याआधीची केप्लर कार्डं २०२१ मध्येच निवृत्त झाली. पण निवृत्तीच्या वेळी जो ड्रायव्हर मिळाला तो काही कुणी परत नेला नाही. केप्लरच्या शेवटच्या ४७० ड्रायव्हरमध्ये लो लेटन्सी मोड आहे. त्याहून जुन्या फर्मीच्या ३९१ मध्ये तो नाही, पण आगाऊ फ्रेमचा आकडा आहे, तेच काम करतो. आणि जुन्या कार्डावर माणूस खेळतो काय? बहुतेक वेळा जुनेच गेम. 'डेड स्पेस' दरवर्षी नव्याने जड होत नाही.

इथे एक दुसरी आघाडीही उघडायला हवी, नाहीतर मला भलत्याच कंपूत ढकलतील. 'नवीन घे'वाल्यांच्या विरुद्ध टोकाला नुस्खेवाले बसलेत. एक फाइल उतरवा, डबल-क्लिक करा, लॅग गायब. विंडोजच्या अर्ध्या सेवा बंद करा. 'गेम बूस्टर' टाका. त्यांचा लाडका नुस्खा रजिस्ट्रीतल्या माउसच्या डेटा-रांगेचा: मूळ आकडा १००, तो विसावर आणा म्हणजे माउस पाचपट चपळ! ही रांग म्हणजे गेमने उचलायच्या आधी माउसच्या किती नोंदी साठवता येतील याची जागा. ती जागा सहसा भरतच नाही. लहान केल्याने काहीही लवकर पोचत नाही, उलट कधी भरलीच तर तुमच्या नोंदी सांडतील. अनोळखी माणसाची फाइल प्रशासकाच्या अधिकाराने चालवण्याचा धोका वेगळाच. या मंडळींमुळे खऱ्या उपायांची बदनामी होते आणि काउंटरवाल्याचं फावतं. रांगेची लांबी बदलणं आणि मंत्र मारणं यांत फरक आहे. पहिल्याचा परिणाम मोजता येतो.

गेमिंग माउस विकणाऱ्यांबद्दल फार शाई खर्च करत नाही. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा बोलतो, म्हणजे जास्तीत जास्त ८ मिलिसेकंदांचा उशीर. हजार वेळा बोलणारा तो १ वर आणतो. वाचले सात. रांगेत शंभर अडकलेले असताना सातासाठी झगमगत्या दिव्यांचा माउस घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, दिवे छान दिसतात.

मग करायचं काय? क्रमाने करा, आणि एका वेळी एकच बदल. आधी गेम बंद ठेवून डेस्कटॉपवर माउस फिरवा. तिथेही बाण हातामागे राहत असेल आणि पडदा टीव्हीचा असेल, तर टीव्हीचा गेम मोड चालू करा; चित्रावर प्रक्रिया करत बसण्याची त्याची हौस तिथेच संपते. मग गेम उघडा, व्ही-सिंक बंद करा, खिडकीऐवजी खरा फुलस्क्रीन निवडा. विंडोज ८ पासून डेस्कटॉपचं चित्र जुळवणारी यंत्रणा बंद करता येत नाही, आणि खिडकीतला गेम तिच्या हातून जातो. आता रिझोल्यूशन ८०० बाय ६०० वर आणा, सगळ्या सेटिंग्ज तळाला. माउस हलका झाला? मग कार्ड भरत होतं आणि रांग तुंबत होती. झाला नाही? मग दोष बहुधा गेमच्या माउस हाताळणीत आहे. स्मूदिंग, ॲक्सिलरेशन, रॉ इनपुट (माउसची कच्ची नोंद थेट वाचणं) शोधा, फाइल उघडा. विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'ही काढून टाका.

रांगच असेल तर रिझोल्यूशन परत आणा, ड्रायव्हरमध्ये लो लेटन्सी मोड चालू करा किंवा आगाऊ फ्रेमचा आकडा एक करा. एएमडीवर डायरेक्टएक्स ११ चा गेम असेल तर अँटी-लॅग. आणि मग फ्रेमवर मर्यादा घाला, गेममध्ये सोय असेल तर तिथे, नसेल तर रिवाट्यूनर या फुकट साधनाने. ज्यांचा देव फ्रेमचा आकडा आहे त्यांना हे अब्रह्मण्यम वाटेल. पण कार्ड गर्दीच्या जागी ३८ आणि मोकळ्या जागी ५५ फ्रेम काढत असेल, तर ३७ वर बांधा. कार्डाला प्रत्येक फ्रेमनंतर श्वास मिळतो, रांग भरायची वेळच येत नाही, आणि ३७ चा माउस तुंबलेल्या ५५ पेक्षा हलका चालतो. व्ही-सिंकशिवाय चित्र आडवं फाटलेलं सहनच होत नसेल तर ते चालू ठेवा, पण साठच्या पडद्यावर मर्यादा ५८-५९ ठेवा. याची किंमत आहे, ती लपवत नाही: प्रोसेसर फार अशक्त असेल तर एकच्या रांगेत चित्र अधूनमधून अडखळेल. मग आकडा दोन करून पाहा.

आणि एक गोष्ट, जी काउंटरवर तुम्हाला कुणीच सांगणार नाही. ज्या घरात कार्ड जुनं, त्या घरात प्रोसेसरही बहुधा जुनाच. कार्ड साठ टक्केच कामात असेल आणि तरीही गेम पंचवीस फ्रेमवर रखडत असेल, तर अडलंय प्रोसेसरपाशी. तिथे नवं ग्राफिक्स कार्ड घालून साठाचे वीस टक्के होतील आणि फ्रेम पंचवीसच राहतील. ८०० बाय ६०० ला, सगळं तळाला नेऊनही कार्ड पूर्ण भरतं आणि वीस फ्रेम निघत नाहीत, अशी स्थिती असेल तर मात्र घ्या नवीन; तेवढ्यापुरता काउंटरवाला बरोबर.

तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जायच्या आधी ही तपासणी घरी करा. तरीही कुणी तुमच्या कार्डाचं नाव ऐकून नवीन घ्यायला सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा: माउस अडखळतो तेव्हा माझं कार्ड किती टक्के भरलेलं असतं? विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्येही हा आकडा दिसतो. तो न विचारता जो किंमत सांगतो, त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका.